अण्णांच्या लकव्यावर स्टेमसेलची इंजेक्शनं द्यावीत का?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारा गेवराई तालुक्यातला, एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचा विद्यार्थी. वडील, म्हणजे अण्णा, वय ५६. ऊसतोडीला गेले असताना फडातच उजव्या अंगावरून वारं गेलं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत नऊ तास उलटले होते. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्याचं निदान झालं. आता अडीच महिने झालेत. काठी धरून घरात चालतात, उजव्या हाताची बोटं जरा जरा हलतात, बोलताना शब्द सापडत नाही. एका केंद्राने स्टेमसेलची, म्हणजे मूळ पेशींची, तीन इंजेक्शनं साडेचार लाखांत सांगितली आहेत आणि घरचे एक एकर काढायच्या विचारात आहेत. मुलाचं म्हणणं असं: पेशी दिल्यावर उंदरांचा लकवा सुधारल्याचे पुष्कळ पेपर मी वाचलेत, मग माणसात का नको? समजेल, सविस्तर सांगा.

जमीन काढू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर लांबणार आहे आणि घरात व्यवहाराची बोलणी चालू असतील तर ती आजच थांबलेली बरी.

तुम्ही वाचलेले पेपर खोटे नाहीत. मी मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून संभाजीनगरात स्थिरावण्याआधी काही काळ प्रयोगशाळेत होतो. मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक दोरा वर सरकवायचा, उंदराच्या मेंदूतली मधली धमनी बंद करायची, तास-दीड तासाने दोरा ओढून घ्यायचा, ही १९८०च्या दशकात रुळलेली पद्धत आम्हीही वापरायचो. पेशी दिलेला उंदीर न दिलेल्यापेक्षा नीट चालताना मी पाहिला आहे. प्रश्न आहे तो वेळेचा. लकव्यात प्रत्येक रेणूचं, प्रत्येक पेशीचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि साडेचार लाखांची ती इंजेक्शनं त्यातल्या कुठल्याच घड्याळात बसत नाहीत.

पहिलं घड्याळ मिनिटांचं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू लागतो वीस टक्के, आणि गाठीला शिल्लक काही नाही. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळत असतं. ते २०च्या खाली आलं की पेशी काम थांबवते, १०च्या खाली गेलं की मरते. या दोन आकड्यांच्या मधे अडकलेला जो भाग असतो त्याच्यावर लकव्याचं सगळं संशोधन उभं आहे. पैठणच्या उजव्या कालव्याच्या टेलचा ऊस तुम्ही पाहिला असेल. पाणी तुटलं की तो पिवळा पडतो, वाढ थांबते, लांबून पाहणाऱ्याला गेल्यासारखाच वाटतो. पण आवर्तन वेळेत आलं तर पुन्हा हिरवा होतो. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांमधून झिरपणाऱ्या रक्तावर तगलेल्या या भागाला आम्ही पेनम्ब्रा म्हणतो.

तिथे आत काय चालतं ते तुम्हाला अभ्यासक्रमातून ओळखीचं असेल. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपतं, सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पडतो, पेशीचा विद्युतभार कोसळतो आणि ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन बाहेर ओतलं जातं. ते शेजारच्या पेशीच्या एनएमडीए ग्राहीवर बसतं आणि कॅल्शियम आत घुसतं. त्या कॅल्शियमने पेशीतली प्रथिनं कापणारी विकरं जागी होतात, नायट्रिक ऑक्साइड वाढतं, मायटोकॉन्ड्रिया फुगतात. मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६मध्ये मांडला गेला. काही तासांनी मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, चवताळतात, पाठोपाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, एमएमपी-९ नावाचं विकर रक्त आणि मेंदूमधली भिंत पोखरतं आणि सूज चढते. ही सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असते.

आता गंमत बघा. पहिल्या दिवशी भिंत पोखरणारं हेच एमएमपी-९ आठवड्याने नव्या रक्तवाहिन्यांसाठी वाट मोकळी करतं. उंदरांमध्ये ते पहिल्या दिवशी अडवलं तर इजा कमी होते, सातव्या दिवशी अडवलं तर वाढते. मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबाचंही तसंच. इजा झाल्या झाल्या त्याचा दाब कमी केला तर मेलेला भाग मोठा होतो. तीन दिवसांनी कमी केला तर उंदीर लवकर सुधारतो. हे २०१०मध्ये दाखवलं गेलं. तेव्हा एखादा रेणू ‘वाईट’ की ‘चांगला’ या प्रश्नाला लकव्यात अर्थच नाही. कितव्या तासाला, कितव्या दिवशी, हे विचारायचं.

पेनम्ब्रातल्या पेशी औषधाने वाचवायच्या, या कल्पनेवर किती माणसांनी आयुष्यं घातली याची मोजदाद २००६मध्ये कुणीतरी केली: प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपचार. माणसापर्यंत पोचले त्यातले ११४. रक्तवाहिनी मोकळी करणारे सोडले तर नीट टिकलेलं जवळपास काहीच नाही. एनएक्सवाय-०५९ हे मुक्त मूलकं टिपणारं औषध पहिल्या मोठ्या चाचणीत थोडं चाललं, आणि २००७मध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत सपशेल पडलं.

नेरिनेटाइडची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. कल्पना फार देखणी होती. एनएमडीए ग्राही बंद न करता त्याला नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराशी जोडणारं पीएसडी-९५ हे प्रथिन तेवढं सुटं करायचं, म्हणजे ग्राहीचं नेहमीचं काम चालू राहतं आणि विषारी संदेश पुढे जात नाही. माकडांमध्येही ते चाललं. २०२०मध्ये ११०५ रुग्णांवरच्या चाचणीत एकूण फरक दिसला नाही. पण ज्यांना गुठळी विरघळवणारं औषध दिलं नव्हतं त्यांच्यात दिसला. कारण सापडलं: त्या औषधाने तयार होणारं प्लाझमिन गुठळीबरोबर नेरिनेटाइडचेही तुकडे करत होतं. मग ते औषध न घेतलेले रुग्ण निवडून पुन्हा चाचणी झाली, आणि तीही निष्फळ ठरली. एवढी नेमकी, एवढी तर्कशुद्ध गोष्टसुद्धा माणसाच्या मेंदूत उतरत नाही, हे ‘हमखास गुण’ म्हणणाऱ्या कुठल्याही जाहिरातीसमोर आठवत राहावं.

उंदरात चालतं आणि माणसात नाही, याची कारणं बरीच आहेत. आमचे उंदीर तरुण, निरोगी आणि बहुतेक नर असायचे. अण्णांच्या पाठीशी वीसेक वर्षांचा रक्तदाब आणि तंबाखू आहे. आमचा दोरा ठरल्या वेळी निघायचा. अण्णांची गुठळी कुणी ओढून काढली नाही. उंदराच्या मेंदूत पांढरा भाग, म्हणजे तारांचे जुडगे, फारच थोडा. माणसाच्या मेंदूत तो जवळपास अर्धा. आणि एक कारण तर वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. उंदीर निशाचर. आम्ही प्रयोग दिवसा करायचो, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी. माणसाला लकवा बहुधा जागेपणी होतो. २०२०मध्ये एका गटाने तीन जुने उपचार उंदरांना दिवसा आणि रात्री देऊन पाहिले: दिवसा चालले, रात्री नाही. झोपेत पेनम्ब्रा हळू मरतो, म्हणून औषधाला सवड मिळते. तुमच्यापैकी कुणी या विषयात पीएच.डी. करणार असेल तर म्हातारे, रक्तदाब असलेले उंदीर घ्या आणि प्रयोग रात्री करा, एवढंच सांगेन.

माणसात चाललेला रेणू एकच आहे, आणि तोही रेणूजीवशास्त्राचीच देणगी. रक्तवाहिनीच्या अस्तरातून पाझरणारं, गुठळी विरघळवणारं टीपीए, जनुक-अभियांत्रिकीने बनवलेलं. १९९५मध्ये ६२४ रुग्णांच्या चाचणीत तीन तासांच्या आत दिल्यावर फायदा दिसला, २००८मध्ये ती मुदत साडेचार तासांवर गेली. त्याच्याच साखळीत तीन ठिकाणी बदल करून टेनेक्टेप्लेज बनवलं. ते रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून तासभर सलाइनमधून सोडत बसावं लागत नाही, एका झटक्यात सुई देऊन होते. मराठवाड्यासाठी हे फार मोलाचं आहे. सीटी स्कॅन आणि प्रशिक्षित डॉक्टर असेल तिथे सुई देऊन रुग्ण लगेच संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे पाठवता येतो. २०१५पासून मोठी गुठळी तारेने ओढून काढायची पद्धतही सिद्ध झाली, आणि निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत चालते. अण्णांच्या बाबतीत आता ही वेळ गेली. पण फडावर, वस्तीवर जे आहेत त्यांना सांगा: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं तुटक दिसलं की १०८ला फोन करायचा. घास-पाणी द्यायचं नाही, जिभेखाली बीपीची गोळी ठेवायची नाही, मालिशवाल्याकडे न्यायचं नाही. कबुतराचं रक्त चोळण्यात गेलेले तास मी पुष्कळदा पाहिले आहेत, आणि ते परत मिळवून देणारं औषध माझ्याकडे नाही.

आता पेशींकडे येतो. अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी शिरेतून दिल्या की त्या मेंदूत जाऊन चेतापेशी बनतात, असं त्या केंद्राच्या माणसाने चित्र काढून सांगितलं असेल. तसं होत नाही. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी पहिल्याच फेरीत फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. उंदरांत जो फायदा दिसतो तो त्यांनी सोडलेल्या रसायनांचा, बारीक पुटिकांचा, आणि प्लीहेतून चालणाऱ्या दाहावर त्यांच्या परिणामाचा. म्हणजे परत घड्याळ आलं: दाह भरात असताना, पहिल्या एक-दोन दिवसांत.

त्या वेळेत देऊनही पाहिलं आहे. जपानमधल्या ट्रेझर या चाचणीत २०६ रुग्णांना १८ ते ३६ तासांच्या आत पेशी किंवा खोटं औषध दिलं. ९० दिवसांनी ठरवलेल्या निकषावर फरक नव्हता. आपल्याच देशात दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पाच रुग्णालयांत १२० रुग्णांवर चाचणी झाली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी, लकव्यानंतर सरासरी अडीच-तीन आठवड्यांनी, शिरेतून. २०१४मध्ये निकाल छापून आला: अपाय नाही, पण सहा महिन्यांनी फायदाही नाही. तुम्हाला विकत असलेली गोष्ट जवळपास हीच आहे. ती भारतीय रुग्णांवर, भारतीय डॉक्टरांनी, नीट तपासून झालेली आहे.

जुन्या लकव्यात कवटीला भोक पाडून थेट मेंदूत पेशी सोडण्याचाही प्रयोग झाला. अमेरिकेत पहिल्या १८ रुग्णांत सुधारणा दिसली, चाकाच्या खुर्चीतून उठल्याच्या बातम्या आल्या. मग १६३ रुग्णांची चाचणी घेतली, त्यात काहींना नुसतंच भोक पाडलं आणि पेशी दिल्या नाहीत. २०१९मध्ये कळलं की ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. आशेने, लक्ष दिल्याने, पुन्हा जोमाने सुरू केलेल्या व्यायामाने माणूस सुधारतो. तुलनेला दुसरा गट नसला की त्याचं श्रेय सुईला मिळतं. केंद्राने दाखवलेले व्हिडिओ त्या नजरेने पाहा.

अपाय कधीच नसतो असंही नाही. २०१६मध्ये एका अमेरिकन रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. लकव्यानंतर त्याने तीन देशांत जाऊन पाठीच्या कण्यात पेशी टोचून घेतल्या. पुढे कण्यात गाठ वाढली, आणि तपासलं तर गाठीतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच.

आता अण्णांचं चालू असलेलं घड्याळ, म्हणजे दुरुस्तीचं. मेलेल्या भागाच्या कडेला पेशी पुन्हा वाढीची जनुकं चालू करतात, बीडीएनएफ हे चेतापेशींना वाढवणारं प्रथिन वाढतं, जिवंत चेतापेशी नवे फुटवे काढतात, शेजारचा भाग हरवलेलं काम शिकून घेतो. ही दुरुस्ती त्यांच्याच डोक्यात, त्यांच्याच पेशी करत आहेत. माणसात ती खिडकी कधी उघडी असते हे पाहायला अमेरिकेत ७२ रुग्णांना वेगवेगळ्या वेळी हाताचा २० तासांचा जादा सराव दिला. २०२१मध्ये निकाल आला: सर्वांत जास्त फायदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. अण्णांना अडीच महिने झालेत. तुम्ही जमिनीचं गिऱ्हाईक शोधत असताना ही खिडकी उघडी आहे, आणि तुमच्या पत्रात ‘दमवू नका म्हणून सांगितलंय, जास्त करून पडूनच असतात’ असं वाक्य आहे. मला साडेचार लाखांपेक्षा त्या वाक्याची काळजी वाटली.

खिडकी नंतर बंदच होते असंही समजू नका. लकव्याला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांत चांगल्या हातावर मोजा चढवून लुळ्या हाताकडूनच काम करवून घेतलं. तो फायदा २००६मध्ये सिद्ध झाला. त्यासाठी मनगट-बोटं थोडी उघडावी लागतात. अण्णांची हलतात म्हणताय, तर फिजिओथेरपिस्टला हे नक्की विचारा.

किती करायचं? उंदराकडून आम्ही एका बैठकीत तीन-चारशे वेळा पंजा पुढे करवून घ्यायचो. माणसांच्या फिजिओथेरपीच्या बैठका मोजल्या तेव्हा हाताच्या उपयोगी हालचाली भरल्या सरासरी ३२. उंदरांवरचे निकाल माणसात येत नाहीत म्हणून आपण रेणूंना दोष देतो, आणि सरावाचा डोस दहापट कमी देतो. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा आला तरी चालेल, पण मधल्या दिवसांत घरच्यांनी करवून घ्यायला हवं. ओळखीची कामं द्या: हरभरे एका ताटातून दुसऱ्यात, दाव्याची गाठ सोडणं-बांधणं, रिकामा तांब्या उचलून ठेवणं, सदऱ्याची बटणं. विळा-कोयता अजून नको. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, दमले की थांबायचं. उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. बोलण्यासाठी त्यांच्याशी तुम्ही बोललं पाहिजे, आणि शब्दासाठी त्यांना थांबू द्यायला हवं. वाक्य तुम्ही पुरं करू नका. भजन येत असेल तर म्हणू द्या. बोलता न येणाऱ्याच्या तोंडून पाठ ओळी निघतात, आणि तिथून सुरुवात करता येते.

औषधांबद्दल. सिटिकोलीनच्या गोळ्या चालू आहेत असं लिहिलंय. युरोपात २,२९८ रुग्णांवर पाहिलं, २०१२चा निकाल: फरक नाही. नुकसान नाही, पण पैसे जातात. तुमच्या डॉक्टरांशी बोलून थांबवता येईल. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने हात सुधारतो अशी आशा २०११च्या एका छोट्या चाचणीने लावली होती, तीन हजारांवर रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीने २०१८मध्ये ती मिटवली, वर हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. मन खचलं असेल तर त्यासाठी ते जरूर द्यावं, ती वेगळी गोष्ट. ज्या गोळ्यांवर खरोखर दुसरा झटका टळतो त्या स्वस्त आहेत: रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची. फडावर गेल्यावर बीपीची गोळी संपते आणि सहा महिने कुणी आणत नाही, हे आपल्या जिल्ह्यांतलं नेहमीचं चित्र आहे. तंबाखू आणि घरातल्या बायांची मिसरी, दोन्ही सुटायला हवीत.

नवीन काही येतच नाहीये असं नाही. सीसीआर-५ हा ग्राही, ज्यातून एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरतो, तो जन्मतः अर्धवट असलेले लोक लकव्यातून जास्त बरे होतात असं २०१९मध्ये दिसलं, आणि त्याला अडवणाऱ्या मॅराव्हिरॉक या जुन्या औषधाने उंदीर सुधारले. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. मानेतून जाणाऱ्या व्हेगस चेतेला सरावाच्या नेमक्या क्षणी विजेचा हलका झटका देणारं यंत्र अमेरिकेत २०२१मध्ये मान्य झालं, तेही जुन्या लकव्यासाठी. या दोन्हींत सराव सुटलेला नाही.

त्या केंद्रात पुन्हा गेलात तर तीन गोष्टी मागा: भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांक, नीतिमत्ता समितीचं पत्र, आणि अपाय झाल्यास भरपाई कोण देणार याचं लेखी. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांतलं अस्थिमज्जेचं रोपण वगैरे सोडलं तर स्टेमसेलचा वापर फक्त मान्य चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पावती देतो म्हणाले तरी साडेचार लाख हा आकडाच उत्तर आहे.

अण्णांना पुढच्या आठवड्यात जवळच्या मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. हृदयाचे ठोके अनियमित पडतात का हे २४ तासांच्या ईसीजी-पट्टीने तपासलं नसेल तर ते राहिलंय. तसं निघालं तर रक्त पातळ करायची गोळीच बदलते. जाताना एमआरआयची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. नुसती चिठ्ठी नको, पाकिटं. चिठ्ठीवर पाच गोळ्या असतात आणि घरात तीनच निघतात.